मेंढपाळी कुत्रे

मेंढरांच्या कळपासोबत काम करणारे कुत्रे. हाकणारे आणि राखण करणारे, असे त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

हाकण्याची शैली उपजत असते. शिकवणीने तिला फक्त वळण लागते. बॉर्डर कोली अंग जमिनीलगत झुकवून नजर रोखतो, लांबून वळसा घालून कळपाच्या पलीकडे जातो आणि मेंढ्या धन्याकडे आणतो. धनी बाजूला सरकला, की तोही त्याच्या समोरची बाजू धरतो. या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प १८९३ मध्ये इंग्लंडमधील नॉर्थंबरलंडमध्ये जन्मला. न्यूझीलंडचा हंटअवे भुंकून कळप पुढे रेटतो.

महाराष्ट्रातील धनगरांचा कुत्रा मुख्यतः राखणदार आहे. मेंढरे वळवतो तो मेंढपाळच, हाळी, शीळ आणि काठीने. रात्री मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडल्या की कुत्रे बाहेर बसतात आणि लांडग्याची चाहूल लागताच भुंकून सगळा वाडा उठवतात. हाकता येत नाही म्हणून त्याला कमी लेखणे अन्यायाचे आहे. नेरसारख्या (जि. यवतमाळ) कपाशी-तुरीच्या मुलखात त्याने मेंढ्यांमागे न धावणेच मोलाचे, बिथरलेला कळप थेट उभ्या पिकात शिरतो.