ओकचं पिंप, पांढरी वाइन आणि थांबण्याची किंमत

आज विषय जरा आडवाटेचा आहे : ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली पांढरी वाइन. मूर्तिजापूर तालुका म्हणजे गाडगेबाबांच्या पायाखालची माती. इथं बसून दारूची भलामण करायची नाही. पण शेतमालाला मोल नेमकं कुठं चढतं, हे या पिंपाच्या इतिहासातून चांगलं कळतं, म्हणून लिहितो.

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीची वाइन जहाजानं भडोच बंदरात यायची. ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक नोंदीत ती आयातीच्या यादीत आहे, आणि पैठण-तेरचा माल त्याच बंदरात जायचा हेही त्यात लिहिलंय. नेवाशाच्या उत्खननात वाइनच्या अशा दोन कानांच्या रोमन रांजणांचे तुकडे सापडले. म्हणजे तेव्हा वाइनचं भांडं मातीचं होतं.

लाकडी पिंप युरोपातल्या गॉल लोकांचं. त्यांच्याकडं जंगल भरपूर. रोमनांनी ते उचललं. रोममध्ये इ.स. 113 सालचा ट्रेजन राजाचा स्तंभ आहे, त्यावर नावेतली पिंपं कोरलेली आहेत. रांजण काहून सोडले? मातीचं भांडं जड अन् फुटणारं, पिंप एकटा माणूस लोटत नेतो. सोय होती ती वाहतुकीची. चवीत फरक पडतो हे मागून लक्षात आलं.

आपल्या मेळघाटात एवढं सागवान, मग सागाचं पिंप का नाही? सागात तेलाचा अंश आणि स्वतःचा वास असतो, तो पेयात उतरतो. पांढऱ्या ओकच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या मात्र वयानुसार आतून बुजतात, त्यामुळं पिंप गळत नाही. तरी हवा अगदी थोडी थोडी आत जाते. फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर ऊन-पावसात ठेवतात, म्हणजे कडू तुरटपणा धुऊन जातो. मग जाळावर वाकवून, आतून शेकून पिंप बांधतात. फ्रान्समधलं त्राँसे जंगल सतराव्या शतकात चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानं लढाऊ जहाजांच्या लाकडासाठी राखलं. जहाजं लोखंडाची झाली आणि तेच ओक पिंपांकडं वळले. झाड तोडायला येतं दीडशे-दोनशे वर्षांनी. लावणाऱ्याला त्याचा पैसा कधीच दिसत नाही.

आता वाइन. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं तोडल्याबरोबर दाबून रस साल-बियांपासून वेगळा करतात. बहुतेक ठिकाणी तो थंड स्टीलच्या टाकीत आंबवतात. वाइन ताजी, आंबटसर राहते. ओकवाल्या पद्धतीत रस साधारण 225 लिटरच्या पिंपात आंबवतात किंवा आंबल्यावर पिंपात मुरवतात. तळाला मेलेल्या यीस्टचा गाळ बसतो, तो काठीनं मधूनमधून ढवळतात, त्यानं भरीवपणा येतो. हिरव्या सफरचंदातलं मॅलिक आम्ल जिवाणू दह्यातल्या लॅक्टिक आम्लात बदलतात. तेव्हा लोण्यासारखा वास येतो. शेकलेल्या लाकडातून व्हॅनिला, खोबरं, भाजल्याचा वास उतरतो. थोडी वाइन उडून जाते, म्हणून पिंप सारखं भरत राहावं लागतं. तीन-चार हंगामांनी लाकडाचा कस संपतो अन् नवं पिंप घ्यावं लागतं.

1976 साली स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानं पॅरिसमध्ये नावं झाकून चव-परीक्षा घेतली. पांढऱ्यात पहिली आली कॅलिफोर्नियाची 1973 ची शार्दोने, फ्रेंच वाइनांना मागं टाकून. पुढं जगभर शार्दोनेच्या बागा वाढल्या आणि कित्येकांनी ओकचा मारा केला. पिंप परवडत नाही तिथं टाकीत लाकडाचे तुकडे सोडले. शेवटी गिऱ्हाईक कंटाळलं. द्राक्ष कमसल असलं तर लाकूड ते झाकतं, सुधारत नाही.

महाराष्ट्रात नारायणगावला 1980 च्या दशकात हा धंदा उभा राहिला, मग नाशिक पुढं आलं, 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. अकलूजला मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरच्या भावांनी फ्रातेल्ली उभी केली. इटालियनमध्ये त्याचा अर्थच ‘भाऊ’. तिथं ओकमधली शार्दोने होते, आणि तोच स्परियर पुढं त्यांच्याबरोबर वाइन करायला आला. आपलं हवामान मात्र वेगळं. एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, तोडणी जानेवारी ते मार्च. पिकताना ऊन तापलं की आम्ल झपाट्यानं उतरतं, म्हणून तोड रात्री किंवा पहाटे. नाशिककडं शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ जास्त चालल्या, त्याही मुख्यतः स्टीलमध्ये.

आता आपल्या कामाचं. वाइनचं द्राक्ष लहान, बियांचं. खायच्या बाजारात त्याला कोणी विचारत नाही. तोडलं की काही तासांत कारखान्यात गेलं पाहिजे. तीच वाइन पिंपात महिनोनमहिने शांत बसते आणि भाव चढतो. थांबायची सवड कारखान्याला, घाई शेतकऱ्याला. 2008 नंतर मंदी आली, वाइनरींनी खरेदी आवरली, आणि नाशिक भागात कित्येकांना वाइनच्या बागा उपटाव्या लागल्या.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. शकुंतला रेल्वे कापसासाठीच टाकली होती. गाठी इथून गेल्या, सूत अन् कापडाचा नफा दुसरीकडं झाला. आजही दिवाळीच्या तोंडावर कापूस-सोयाबीन विकणारा देणेकऱ्यांसाठी विकतो, भाव पाहून नाही. अकोल्यात एवढ्या दालमिल, पण तूर थांबवायची ताकद किती जणांकडं आहे?

मी म्हणतो, वऱ्हाडात ओक लावायची गरज नाही. गरज आहे थांबता येण्याची. कोरडं गोदाम, त्यातल्या मालाच्या पावतीवर मिळणारं कर्ज, गटाची स्वतःची छोटी दालमिल, हीच आपली पिंपं. द्राक्षाला थांबता येत नाही, तुरीला येतं. तुमच्या गावात यातलं काय चालू आहे, खर्च किती आला, भावात फरक किती पडला, ते आकड्यांसकट खाली लिहा. कृषी विद्यापीठातली मंडळीही हे पान वाचतात. वाळवणी अन् किडीबद्दल त्यांनीही सांगावं.