पाळणा आणि घड्याळ

सात-आठ महिन्यांचें मूल मध्यरात्रीं जागें होतें आणि सारें घर जागें करतें, यांत नवें कांहींच नाहीं. नवी आहे ती ही समजूत कीं, अशा मुलाला झोंपेची शिस्त लावतां येते व ती लावणें हें आईचें कर्तव्य आहे. ही समजूत ग्रंथांतून घरोघर पोंचली त्याला सव्वाशें-दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटलेला नाहीं. तत्पूर्वीं मूल झोंपत नसेल तर त्याला झुलवीत, थोपटीत, पदराखालीं घेत. आणि हें सर्व करावयास जिला सवड नसे ती बाई दुसराच उपाय करी. या इतिहासाचा प्रारंभ त्या दुसऱ्या उपायापासून करणें योग्य होईल. कारण शिस्तीचा उपदेश ज्या जगांत प्रथम झाला, त्या जगांत मुलाला निजविण्याची काय रीत होती, तें त्यावरून कळतें.

तो उपाय म्हणजे अफू. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील कापडगिरण्यांच्या गांवीं ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ या नांवाचें अफूमिश्रित गोड औषध दुकानोदुकानीं मिळे. अमेरिकेंत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ खपूं लागलें. त्यांत मॉर्फिन असे. जाहिरातींत मात्र प्रसन्न माता आणि गुटगुटीत बाळें दिसत. १९०६ च्या कायद्यानें मॉर्फिनचा उल्लेख बाटलीवर करणें भाग पडलें, आणि १९११ मध्यें अमेरिकन मेडिकल असोसिएशननें या सिरपाची गणना बालघातक औषधांत केली.

मुंबईंत याच औषधाचें देशी रूप म्हणजे बाळागोळी. डॉ. बार्न्स या सरकारनें नेमलेल्या स्त्री-डॉक्टर होत्या. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करून त्यांनीं १९२२ मध्यें जो अहवाल दिला, त्यांत या स्त्रियांच्या अर्भकांपैकीं शेंकडा ९८ अर्भकांना अफू दिली जाते, असें नमूद केलें आहे. यंत्रापाशीं दहा-अकरा तास उभें राहावयाचें, आणि मूल चाळींतल्या खोलींत ठेवावयाचें. तें निजून राहिलें तरच रोजगार टिकावयाचा. या मातांना निर्दय म्हणणें सोपें आहे. त्यांचें मूल दिवसभर कोणीं सांभाळावयाचें, याचें उत्तर मात्र निर्दय म्हणणाऱ्यांपाशीं नव्हतें.

अशा काळांत न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयांतील डॉ. एमेट होल्ट (१८५५–१९२४) यांनीं १८९४ मध्यें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. मुलें सांभाळणाऱ्या दायांना शिकविण्यासाठीं तयार केलेली ही प्रश्नोत्तरी पुढें सुशिक्षित घरांत जवळजवळ धर्मग्रंथासारखी वाचली गेली. निजविण्यासाठीं हलविणें अनावश्यक व ती एक वाईट खोड आहे. दुखणें नसतां केवळ संवयीनें रडणाऱ्या मुलास रडूं द्यावें. पहिल्या खेपेस तें तासभर, क्वचित् दोन-तीन तासही रडेल, दुसऱ्या खेपेस फार थोडें, असें होल्ट यांचें सांगणें होतें. अफूच्या बाटलीपेक्षां हा उपाय शतपट बरा, हें कोणीही मान्य करील. परंतु त्याची किंमत दाराबाहेर उभ्या असलेल्या आईकडून वसूल होत होती, आणि त्या किंमतीचा हिशेब पुस्तकांत नव्हता.

या पंथाचा खरा आचार्य निघाला तो न्यूझीलंडांत, आणि तोही वेड्यांच्या इस्पितळांत. डॉ. फ्रेडरिक ट्रुबी किंग (१८५८–१९३८) हे १८८९ पासून डुनेडिनजवळच्या सीक्लिफ येथील इस्पितळाचे मुख्य होते. इस्पितळाला शेती जोडलेली होती. तेथें बादलीनें दूध पाजलेलीं वांसरें हगवणीनें दगावत. दुधाचें प्रमाण, स्वच्छता व वेळ यांची कडक व्यवस्था लावतांच तीं जगूं लागलीं, तेव्हां जो नियम वांसरांना लागू पडला तो मानवी अर्भकांना कां लावूं नये, हा विचार किंग यांच्या मनानें घेतला. किंग पतिपत्नींना स्वतःचें अपत्य नव्हतें. त्यांनीं एक मुलगी दत्तक घेतली होती, आणि या मुलीनेंच, मेरीनें, पुढें १९३४ मध्यें ‘मदरक्राफ्ट’ हें पुस्तक लिहून वडिलांचें मत जगभर नेलें.

१९०७ मध्यें डुनेडिन येथें किंग यांनीं जी संस्था स्थापन केली, ती गव्हर्नरांच्या पत्नी लेडी प्लंकेट यांच्या नांवानें प्रसिद्धीस आली. तिच्या परिचारिका घरोघर जात, मूल तोलीत, आईला सल्ला देत, आणि त्याबद्दल पैसा घेत नसत. किंग यांच्या पत्नी इझाबेला या टोपणनांवानें वर्तमानपत्रांत बालसंगोपनावर लेख लिहीत. नियम मोजके पण अढळ होते. दर चार तासांनीं दूध. रात्रीं मुळींच नाहीं. मूल वेगळ्या बिछान्यावर, उघड्या खिडकीजवळ निजावें. मधल्या वेळेंत त्यास विनाकारण उचलूं नये. घड्याळ चुकलें तर चारित्र्य चुकेल, अशी किंग यांची श्रद्धा होती. ज्या मुलास वेळेवर झोंपण्याची संवय नाहीं, तें पुढें स्वतःच्या मनावर ताबा काय ठेवणार, असें त्यांना वाटे.

या मनुष्याला हंसून सोडून देणें अन्यायाचें होईल. आईच्या दुधाचा त्यांनीं अट्टाहासानें पुरस्कार केला, आणि उन्हाळी हगवणीनें पटापट मरणारीं मुलें हा त्यांच्या पिढीचा डोळ्यांसमोरचा अनुभव होता. न्यूझीलंडांतील गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बालमृत्यूचें प्रमाण त्या काळीं जगांत अत्यंत कमी गणलें जाई, आणि लोक त्याचें सारें श्रेय या संस्थेला देत. इतिहासकार आतां दाखवितात कीं, मृत्यूंची संख्या संस्थेच्या आधींपासूनच घटत होती, व स्वच्छ पाणी, चांगलें दूध आणि लहान कुटुंबें यांचाही तींत वांटा होता. असो. आंकडे कमी झाले, आणि त्यामुळें आंकड्यांबरोबर घड्याळालाही मान मिळाला. ज्या नियमानें मूल वांचतें त्याच नियमानें तें झोंपेलही, हें अनुमान सुशिक्षित मातांनीं निमूटपणें स्वीकारलें. स्तनांत पान्हा दाटलेला, पलीकडच्या खोलींत मूल रडत असलेलें, आणि घड्याळांत दहा वाजावयास अजून चाळीस मिनिटें. हें चित्र दोन-तीन पिढ्यांच्या स्त्रियांनीं अनुभवलें आहे.

१९२८ मध्यें अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनीं तर मुलाचे लाड करण्याऐवजीं सकाळीं त्याच्याशीं हस्तांदोलन करावें, इथवर मजल नेली. पुढें स्वतः वॉटसननींच त्या पुस्तकाविषयीं खेद व्यक्त केला. १९४६ मध्यें डॉ. बेंजामिन स्पॉक यांचें पुस्तक निघालें आणि वारें फिरलें. आईनें स्वतःच्या समजुतीवर विश्वास ठेवावा, असें एका डॉक्टरनेंच सांगितलें.

वारें फिरलें तरी प्रश्न उरला होता. अर्भकाची झोंप मुळांत चालते कशी? याचा विचार शिकागोच्या नाथानिएल क्लाइटमन यांनीं केला. १९३८ मध्यें ते एका तरुण सहकाऱ्यासह केंटकींतील मॅमथ गुहेंत ३२ दिवस राहिले आणि अंधारांत २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. सहकाऱ्याचें शरीर त्या दिवसाला वळलें, क्लाइटमन यांचें वळलें नाहीं. तेव्हां मनुष्याच्या अंगांत स्वतःचेंच एक घड्याळ असतें, याविषयीं शंका राहिली नाहीं. १९५३ मध्यें त्यांनीं १९ अर्भकांची झोंप तिसऱ्या आठवड्यापासून सव्विसाव्या आठवड्यापर्यंत टिपली. तींत असें दिसलें कीं, हें आंतलें घड्याळ जन्मतः लागलेलें नसतें. तें हळूहळू दिवसरात्रीशीं जुळतें, आणि त्याला किल्ली देतो तो मुख्यतः दिवसाचा उजेड व रात्रीचा काळोख.

१९५७ मध्यें लंडनच्या मूर आणि उको या संशोधकांनीं १६० मुलांच्या रात्रींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तीन महिन्यांच्या सुमारास शेंकडा ७० मुलें मध्यरात्रीपासून पहांटे पांचपर्यंत निवांत राहूं लागलीं, सहा महिन्यांपर्यंत शेंकडा ८३. शेंकडा १० मुलें मात्र वर्षभरांत कधींच तशीं निजलीं नाहींत. आणि एकदां नीट निजूं लागलेलीं कितीतरी मुलें पांचव्या ते नवव्या महिन्यांत पुन्हां उठूं लागलीं. हें वय म्हणजे आई दृष्टीआड झाली कीं ती गेली, असें मुलाला कळूं लागण्याचें वय. ‘आतांपर्यंत शहाणें होतें, आतां बिघडलें,’ अशी जी तक्रार घरोघर ऐकूं येते, तिचें मूळ बहुधा मुलाच्या वाढींत असतें, आईच्या हयगयींत नसतें.

त्याहून मोठा उलगडा १९७९ मध्यें झाला. थॉमस अँडर्स यांनीं रात्रभर चित्रफीत घेऊन पाहिलें, तेव्हां ‘आमचें मूल एकझोंपेंत रात्र काढतें’ असें सांगणाऱ्या आईबापांचीं मुलेंही रात्रीं जागीं होत असल्याचें दिसलें. अर्भकाच्या झोंपेचा एक फेरा मोठ्या माणसाच्या फेऱ्याहून बराच आंखूड, तासाभराचाच असतो, आणि फेऱ्याच्या शेवटीं जाग येणें स्वाभाविक आहे. फरक एवढाच कीं, कांहीं मुलें डोळे उघडून, कूस बदलून पुन्हां निजत. कांहीं हांक मारीत. ज्याला संध्याकाळीं कडेवरच झोंप लागते, तें मूल मध्यरात्रीं बिछान्यावर डोळे उघडतांच कडेचा शोध घेतें, हें समजण्यासारखें आहे.

यावरूनच बोस्टनचे डॉ. रिचर्ड फर्बर यांनीं १९८५ मध्यें मधला मार्ग सुचविला: मुलाला जागेपणींच बिछान्यावर ठेवावें, आणि रडल्यास वाढत्या अंतरानें जाऊन धीर द्यावा. या मार्गावर पुष्कळ वाद झाला. मेलबर्न येथें झोंपेची तक्रार असलेल्या ३२६ मुलांची सहा वर्षांच्या वयापर्यंत पाहणी झाली व तिचा निष्कर्ष २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. अशा सौम्य शिस्तीनें कायमचें नुकसान झालें नव्हतें, तसाच कायमचा फायदाही दिसला नव्हता. म्हणजे आईला कांहीं काळ अधिक झोंप मिळाली; थकलेल्या आईच्या दृष्टीनें ही गोष्ट थोडी नव्हे. चारित्र्याविषयींचें किंग यांचें भाकित मात्र येथें पुरतें निराधार ठरलें.

घड्याळाऐवजीं क्रमाकडे लक्ष वळलें तें २००९ मध्यें. जोडी मिंडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४०५ माता घेतल्या. त्यांतील कांहींनीं दोन आठवडे रोज रात्रीं एकच परिपाठ ठेवला: अंघोळ, मग हलकी मालीश, मग शांतपणें कुशींत घेणें किंवा गाणें, आणि अर्ध्या तासाच्या आंत दिवा बंद. मुलें लवकर निजूं लागलीं, रात्रीं कमी उठूं लागलीं, आणि आयांचें मनही हलकें झालें. महाराष्ट्रांतील कोणत्याही आजीला यांत ओळखीचें कांहींतरी दिसेल. तेल, ऊन पाण्याचें न्हाणें, शेक, दुपटें आणि पाळणा, हा क्रम आपल्याकडे दिवसाच्या झोंपेसाठीं पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यांतील धूर तेवढा अर्भकाच्या फुप्फुसांना बाधक म्हणून वगळावा लागेल. चार ते अकरा महिन्यांच्या मुलाला दिवसा-रात्रीं मिळून १२ ते १६ तास झोंप हवी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें सांगितलें. हे चार तासांचें अंतर पाहिलें तर एका मुलाचा परिपाठ शेजारच्या मुलाला कां लागू पडत नाहीं, हेंही उमगतें.

झुलविणें ही होल्ट यांनीं वाईट खोड ठरविली होती. जपानच्या रिकेन संस्थेंतील संशोधकांनीं नवजातापासून सात महिन्यांपर्यंतच्या २१ अर्भकांना मातांच्या कडेवर देऊन त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, व २०२२ मध्यें तें प्रसिद्ध केलें. रडणाऱ्या मुलाला घेऊन पांच मिनिटें संथपणें चाललें कीं तें शांत होतें, पुष्कळदां निजतें. पण लगेच खालीं ठेवलें तर अंग सुटतांच जागें होतें. म्हणून झोंप लागल्यावर त्याला तसेंच घेऊन आणखी पांच ते आठ मिनिटें बसावें, आणि मग बिछान्यावर उताणें ठेवावें.