टिबनमहून बेडफर्ड फॉल्सकडे

1946 च्या डिसेंबरात 'इट्स अ वंडरफुल लाइफ' प्रदर्शित झाला. युद्धावरून परतलेल्या जेम्स स्टुअर्टचा हा पहिला चित्रपट. त्याआधी तो युरोपच्या आकाशात बी-24 बॉम्बफेकी विमाने नेत होता. परतल्यावर त्याने रंगवला तो मात्र युद्धावर जाऊच न शकलेला माणूस. जॉर्ज बेली एका कानाने बहिरा, म्हणून लष्कराने नाकारलेला; बेडफर्ड फॉल्स नावाच्या गावात वडिलांची पतपेढी चालवणारा. आकाशात पराक्रम गाजवतो तो त्याचा धाकटा भाऊ. युद्धाने स्टुअर्टच्या अभिनयात काय बदलले, याचा शोध या विसंगतीपासूनच सुरू करायला हवा. युद्धाने त्याला कडवट केले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याच्या नंतरच्या भूमिकांत दिसते ती स्वतःच्या मरणाची भीती नव्हे. आपल्या भरवशावर असलेल्यांचे आपल्या हातून वाईट होईल, ही भीती आहे.

तिचे मूळ त्याच्या लष्करी कामाच्या स्वरूपात सापडते. ऑस्कर मिळून महिना होतो न होतो तोच, मार्च 1941 मध्ये, अमेरिका युद्धात उतरण्याआधीच तो साधा शिपाई म्हणून भरती झाला. तेव्हा तो 32 वर्षांचा होता आणि विमान चालवण्याचा परवाना त्याच्याकडे आधीपासून होता. बराच काळ इतरांना शिकवण्यात गेल्यावर 1943 च्या अखेरीस तो इंग्लंडमधल्या टिबनमच्या तळावर पोहोचला, तो 445 व्या बॉम्बफेकी गटातल्या एका स्क्वाड्रनचा प्रमुख म्हणून. एका विमानात साधारण दहा माणसे. 24 फेब्रुवारी 1944 रोजी जर्मनीतल्या गोथा शहरावरच्या एकाच हल्ल्यात या गटाने 13 विमाने गमावली. स्टुअर्टच्या नावावर 20 मोहिमा आहेत. पण मार्च 1944 पासून दुसऱ्या गटात त्याच्याकडे मोहिमा आखण्याचे काम आले. म्हणजे कोणी कुठे जायचे हे आपण सांगायचे आणि पुष्कळदा स्वतः जमिनीवर थांबून त्यांची वाट पाहायची.

आता जॉर्ज बेलीकडे पाहावे. पतपेढीचे 8,000 डॉलर हरवतात, तेव्हा तो म्हाताऱ्या काकांची गचांडी धरतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरी येऊन मुलांवर खेकसतो, पुलांच्या नमुन्यांचे टेबल उधळून देतो आणि दुसऱ्याच क्षणी, भेदरलेल्या बायकामुलांकडे पाहत, ओशाळून क्षमा मागतो. यावर कोणी म्हणेल, की स्टुअर्ट 1939 च्या 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मध्येही असाच कोसळला होता आणि 1936 च्या 'आफ्टर द थिन मॅन'मध्ये तर तो खुनी होता. मग युद्धाने नवे काय दिले? आक्षेप रास्त आहे. कोसळणे दाखवण्याची ताकद त्याच्यात आधीपासून होतीच. पण स्मिथ थकतो तो आपली बाजू न्यायाची आहे या खात्रीने, आणि त्याचा राग भ्रष्ट सत्तेवर असतो. बेलीचा राग घरच्यांवर निघतो, कारण त्यांना आपण वाचवू शकत नाही हे त्याला कळून चुकलेले असते. राग तोच, पण त्याचे तोंड फिरले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बेलीनंतरच्या भूमिका घडवल्या त्या अँथनी मान आणि हिचकॉक या दिग्दर्शकांनी, आणि युद्धानंतर हॉलिवूडचा सूरच काळवंडला होता. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. 'द नेकेड स्पर'मध्ये (1953) इनामासाठी मृतदेह ओढत नेणारा माणूस शेवटी रडून तो सोडून देतो. 'रिअर विंडो'मध्ये (1954) पाय मोडून खुर्चीत अडकलेला नायक, ज्या मुलीला समोर जाऊ दिले तिच्यावरचे संकट नुसते पाहत राहतो. 'व्हर्टिगो'च्या (1958) आरंभीच नायकाला हात द्यायला वाकलेला पोलीस खाली कोसळून मरतो. प्रसंग लेखक-दिग्दर्शकांचे, हे खरेच. पण असहाय अपराधीपणा ज्याच्या चेहऱ्यावर खरा वाटेल असा नट म्हणून हिचकॉकला तो पुन्हा पुन्हा हवासा वाटला, याला अर्थ आहे.

अर्थात, ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागणार नाही. 1950 च्या 'हार्वी'मधला त्याचा सौम्य विक्षिप्तपणा युद्धाआधीच्या स्टुअर्टचाच आहे. आपल्या युद्धसेवेचे भांडवल चित्रपटांच्या प्रसिद्धीत होऊ नये, असा त्याचा आग्रह होता. पण मौन हा पुरावा नव्हे, त्यातून हवे ते काढता येते. खरा पुरावा पडद्यावरच आहे, आणि तो जिथे शोधायला जावे तिथे सापडत नाही. 1955 च्या 'स्ट्रॅटेजिक एअर कमांड'मध्ये स्टुअर्टने हवाई दलाचा वैमानिक साकारला. विमान, गणवेश, हुद्दा, सारे त्याच्या परिचयाचे; आणि तिथला त्याचा अभिनय नेटका, शांत, जवळजवळ निर्विकार आहे. गणवेशातल्या माणसाला ठाऊक असते, की काय झाले तरी चेहरा हलू द्यायचा नाही. तो हलला बेडफर्ड फॉल्समध्ये, साध्या कोटातल्या, लढाईला न गेलेल्या माणसाचा.