पेनड्राइव्हमधील जुना वारसा

‘संगणक दरवर्षी नवा येतो, मग पेनड्राइव्ह मध्येच काढला की गुणपत्रकाची फाइल अजूनही का बिघडते?’ पनवेलमधील एका शाळेत शिक्षकांनी मला विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर इतिहासात दडलेले आहे.

फाइलचे तुकडे डिस्कवर कोठे आहेत, याची नोंद एका तक्त्यात असते. ‘फॅट’ नावाची ही पद्धत मार्क मॅकडोनल्ड यांनी १९७७ मध्ये फ्लॉपीसाठी रचली. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर, डॉसमधून, ती सर्वत्र पोहोचली. त्या काळी डिस्कवरील जागा मोलाची. म्हणून फाइलच्या नावाला आठ अक्षरे, प्रकाराला तीन आणि वेळेतील सेकंदांना पाच बिट मिळाले. पाच बिटांत ३२ संख्याच मावतात, सेकंद तर ६०. तेव्हा ते दोन-दोनने मोजायचे ठरले!

याची अडचण मराठीलाही झाली. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागली. परंतु १९९१ च्या ‘इस्की’ प्रमाणानुसार ‘मुख्याध्यापक’ या शब्दाला काना-मात्रा व हलन्त धरून १२ बाइट लागतात. नावासाठी जागा आठच. १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर २५५ अक्षरांपर्यंतची नावे युनिकोडमध्ये नोंदवण्याची सोय झाली, पण जुना आराखडा न मोडता. लांब नाव जादा नोंदींत ठेवले आणि जुन्या प्रोग्रॅमांसाठी आखूड नावही राखले.

सुधारलेल्या पद्धती नव्हत्या असे नाही. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेली ‘एनटीएफएस’ पद्धत तक्त्यातील बदल आधी रोजनाम्यात लिहिते. काम अर्धवट राहिले तर तक्ता सावरता येतो. मग फॅट टिकली कशी? प्रोसेसर बदलला तरी जुन्या फाइली वाचता येतात. तक्त्याची पद्धत बदलली, तर संगणक, कॅमेरा, दूरदर्शन संच या सर्वांना ती नव्याने शिकवावी लागते. म्हणूनच ३२ गिगाबाइटपर्यंतच्या बहुतेक पेनड्राइव्हवर आजही १९९६ ची ‘फॅट ३२’ आढळते. तिच्यात रोजनामा नाही; तक्ता लिहिला जात असताना पेनड्राइव्ह उपसला, तर फाइलचा माग हरवतो.

विद्यार्थ्यांना हे पडताळता येईल. अशा पेनड्राइव्हवर काही फाइली ठेवा आणि त्यांच्या शेवटच्या बदलाची वेळ पाहा. सेकंदांचा आकडा नेहमी सम असेल. ते पाच बिट अजून तेथेच आहेत! गुणपत्रकाची दुसरी प्रत मात्र अन्यत्र ठेवावी आणि पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी संगणकाला तशी आज्ञा द्यावी.