ईश्वरी क्षमा, ख्रिस्ती धर्मातील

मानवाने करार मोडला, तरी ईश्वर आपल्या बाजूने तो मोडीत नाही व परत येणाऱ्या अपराध्याचा स्वीकार करतो, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत कल्पना. तिचा उगम यहुदी धर्मग्रंथांत असून तेथे तिच्यासाठी ‘हेसेद’ ही हिब्रू संज्ञा येते. करारनिष्ठा, दया व ममता हे तिन्ही अर्थ या संज्ञेत एकवटलेले असल्यामुळे कोणत्याही एका मराठी शब्दाने ती पूर्णपणे व्यक्त होत नाही.

या कल्पनेचा प्रभावी आविष्कार होशेय या संदेष्ट्याच्या ग्रंथात आढळतो. इ. स. पू. आठव्या शतकात इस्राएलच्या उत्तर राज्यात बआल या देवतेची उपासना बळावली होती. होशेयाने हा धर्मद्रोह आपल्या विवाहाच्या रूपकातून मांडला. त्याची पत्नी गोमेर त्याच्याशी एकनिष्ठ राहिली नाही. पुढे एका व्यभिचारी स्त्रीला त्याने पंधरा शेकेल रुपे व काही सातू देऊन सोडवून आणल्याचे वर्णन येते. ही स्त्री गोमेरच होय, असे बहुतेक भाष्यकार मानतात. त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात ईश्वर हा लेकराला चालावयास शिकविणाऱ्या पालकाच्या रूपात दिसतो. शिक्षा अटळ आहे. परंतु त्याग अशक्य आहे, हा ताण येथे उघडपणे मांडलेला आहे. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास ॲसिरियाने उत्तर राज्य नष्ट केले. होशेयाची वचने मात्र दक्षिणेकडील यहुदा राज्यात जतन झाली. अपराधी पत्नी व शिक्षा करणारा पती या रूपकामुळे स्त्रीवरील हिंसेला धार्मिक आधार मिळू शकतो, असा आक्षेप अलीकडील स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतला आहे.

नव्या करारात येशूने होशेयाच्या वचनाचा आधार घेऊन जकातदार व पापी यांच्या पंक्तीस बसण्याचे समर्थन केले (मत्तय ९ : १३). लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप मुलाची कबुली पूर्ण होण्यापूर्वीच धावत जाऊन त्याला मिठी मारतो. मात्र घरी राहिलेल्या थोरल्या मुलाची तक्रार अनुत्तरित नसली, तरी तो आत गेला की नाही, हे कथेत सांगितलेले नाही. क्षमेमुळे न्यायाचे काय होते, हा प्रश्न त्यामुळे श्रोत्यांपुढे उभा राहतो. पौलाने त्याचे उत्तर ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणात शोधले. पुढे पाचव्या शतकात ऑगस्टीन व पेलेजियस यांच्यात, तसेच सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत, ईश्वरी कृपा व मानवी कर्तृत्व यांच्या संबंधाविषयी मोठे वाद झाले.

मराठीत ही कल्पना प्रथम विस्ताराने आली ती फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या ख्रिस्तपुराणातून (१६१६). ओवी छंदातील या ग्रंथात पुराणाची परिचित रीत स्वीकारून मानवाचे पतन व उद्धार यांची कथा सांगितली आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. पतितपावन देवाची वारकरी कल्पना मराठी श्रोत्यांना परिचित असल्याने त्यांची पदे परकी वाटली नाहीत. तथापि ख्रिस्ती विचारात क्षमा ही येशूच्या मरणाच्या ऐतिहासिक घटनेशी जोडलेली आहे, हा भेद राहतोच.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात या कल्पनेला सामाजिक आशय प्राप्त झाला. इंग्लंडमध्ये फुलम येथे ‘पतित’ समजल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चाललेले कार्य त्यांनी पाहिले आणि त्यानंतर शोमरोनी स्त्रीची कथा वाचली. समाजाने टाकलेल्या स्त्रीला स्वीकारणारा धर्म म्हणून ख्रिस्ती धर्म त्यांना जवळचा वाटला. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु क्षमेचा वैयक्तिक प्रत्यय त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. केडगाव येथील मुक्तिसदनाच्या परिसरात त्यांनी अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ ही स्वतंत्र शाखा काढली. ज्यांना सर्वत्र दारे बंद होती, त्यांना क्षमेचा अर्थ तेथे निवारा, शिक्षण व काम या रूपांत मिळाला.

वऱ्हाडात याच काळात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनने अकोला व बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव येथे केंद्रे चालविली. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात निराश्रित मुलांचा सांभाळ हे मिशनच्या कार्याचे महत्त्वाचे अंग बनले. या भागातील ख्रिस्ती मंडळ्यांची उपासना मराठीतून होत असल्यामुळे दया, कृपा व क्षमा हे शब्द येथे संतसाहित्य आणि बायबल अशा दोन परंपरांचा अर्थ वाहतात.