खेमरातचा गावप्रमुख कोणाचा माणूस?

थायलंडच्या ईशान्य भागात, उबोन प्रांतात, मेकाँग नदीच्या उजव्या तीरावर खेमरात आहे. समोरच्या तीरावर लाओस. उन्हाळ्यात पाणी उतरले की पात्रातले खडक उघडे पडतात. जमीन रेताड, भातशेती पावसावरची, घरची बोली लाओ. नाव मात्र पाली, 'खेमरट्ठ', म्हणजे आपल्या भाषेत क्षेमराष्ट्र. हे क्षेमराष्ट्र १९०२ साली जाळण्यात आले. ते का, हे समजल्यावाचून थायलंडातला तालुका कळायचा नाही.

१८९३ पूर्वी ही नदी सरहद्द नव्हतीच. दोन्ही तीरांवर एकच भाषा, वंशपरंपरेने चालणारे स्थानिक सरदार, आणि दूर बँकॉकला जाणारी खंडणी. त्या साली फ्रेंचांच्या गनबोटी बँकॉकपर्यंत घुसल्या. त्यांनी डावा तीर घेतला, आणि उजव्या तीरापासून २५ किलोमीटरपर्यंत सयामने फौज ठेवू नये अशी अट घातली. आपण न मोजलेला मुलूख दुसरा कोणी मोजून नेतो, हा धडा राजा चुलालोंगकोर्न याच्या दरबाराने घेतला. १८९२ पासून गृहखाते सांभाळणारा राजपुत्र दाम्रोंग याने नवी उतरंड रचली: प्रांताखाली अम्फो म्हणजे तालुका, त्याखाली तांबोन म्हणजे गावांचा गट, शेवटी मूबान म्हणजे गाव. १८९७ च्या कायद्याने ती पक्की झाली.

सरदारांची मिळकत आटली आणि रयतेच्या मानेवर रोख डोईपट्टी बसली. मग १९०१ च्या सुमारास 'फू मी बुन', म्हणजे पुण्यवंत पुरुष, गावोगाव उठले. खड्यांचे सोने होणार, डुकरांचे यक्ष होऊन ती माणसे खाणार, अशी भाकिते पसरली, आणि लोक खरोखरच खडे गोळा करू लागले. श्रोत्यांपैकी कोणी हसेल. मला हसू येत नाही. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दरवाजाशी टपलेले सावकार मी पाहिले आहेत. हाती पैसा नसताना पैसाच मागितला, की माणूस खड्यांकडेही आशेने पाहतो.

मार्च १९०२ मध्ये ओंग मान या पुढाऱ्याच्या अनुयायांनी खेमरात जाळले. एप्रिलमध्ये बान साफू येथे सरकारी तोफांपुढे त्यांची दोनशेहून अधिक माणसे पडली. बंड मोडले, उतरंड टिकली, आणि पुढे खेमरात एका तालुक्याचे ठाणे झाले.

या उतरंडीची खरी मेख तळाशी आहे. तालुक्याचा अधिकारी, नाय अम्फो, गृहखात्याने नेमलेला. त्याची बदली होते. पण गावप्रमुख, फूयायबान, गावाने निवडायचा. तशी पहिली निवड १८९२ मध्ये बांग पा-इन येथे करून पाहण्यात आली. निवड गावाची, कामे मात्र सरकारची: शिरगणती, वसुलीस मदत, गुन्ह्याची वर्दी. कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधीचे मानधन मालक देऊ लागला तर तो कोणाच्या बाजूने बोलेल, हा आम्हा युनियनवाल्यांचा जुना प्रश्न येथे कायद्यातच येऊन बसला आहे.

१९१४ चा कायदा दुरुस्त्यांसह अजून चालू आहे. १९९२ साली गावप्रमुखाची मुदत ५ वर्षे केली. २००८ साली ती पुन्हा वयाच्या साठीपर्यंत वाढवली. एकदा निवडला की वर्षानुवर्षे गावाने पुन्हा विचारायचे नाही! मधल्या काळात, १९९४ च्या कायद्याने, तांबोनला स्वतःची निवडून आलेली संस्था आणि स्वतःचे अंदाजपत्रक मिळाले. त्यामुळे आज एकाच तांबोनात दोन घरे झाली आहेत: गावच्या रस्त्याचे पैसे या संस्थेकडे, आणि नाय अम्फोच्या मासिक बैठकीत हुकूम ऐकायला बसतो तो गावप्रमुख.