एका शहराची दोन नावे: विकिपीडियावरील एका मतदानाचा इतिहास

ज्ञानकोशाला संपादक असतो, आणि संपादक असला की वादाला शेवट असतो. केतकरांच्या ज्ञानकोशात काय घ्यावे आणि ते कसे मांडावे, ह्याविषयीचा अखेरचा शब्द केतकरांचा होता. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो अधिकार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्याकडे होता. अशा कोशांत लेखक आणि संपादक ह्यांचे मतभेद झाले तरी ते छापील पानापर्यंत येत नाहीत; वाचकाच्या हाती केवळ निर्णय पडतो. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर ह्यांनी इंग्रजी विकिपीडिया सुरू केला आणि ही व्यवस्था उलटीपालटी झाली. ह्या दोघांनी त्याआधी काढलेल्या न्युपीडिया नावाच्या कोशात प्रत्येक नोंद तज्ज्ञांच्या सात टप्प्यांच्या परीक्षणातून जात असे, आणि त्यामुळेच तो कोश मंदगतीने रखडत राहिला. विकिपीडियात परीक्षकही नव्हता आणि मुख्य संपादकही नव्हता. कोणीही लिहावे, दुसऱ्या कोणीही ते बदलावे, तिसऱ्याने तो बदल उलटवावा. मग दोन स्वयंसेवकांचे पटले नाही तर निवाडा करायचा कोणी, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच उभा होता.

त्यावर आरंभीच एक तात्त्विक उत्तर देण्यात आले, ते तटस्थ दृष्टिकोनाचे. कोणाचे मत खरे हे कोशाने ठरवू नये. कोण काय म्हणतो आणि कशाच्या आधारावर म्हणतो, एवढेच नोंदवावे. ह्या तत्त्वाने पुष्कळ वाद मिटले, कारण दोन मते एका परिच्छेदात शेजारी शेजारी नांदू शकतात. मात्र नावाच्या बाबतीत हा उपाय थिटा पडतो. वाक्य लिहायचे तर कर्त्याला एक नाव द्यावेच लागते, आणि ते देताक्षणी लेखकाने बाजू घेतली असे कोणाला तरी वाटतेच. तटस्थतेची ही मर्यादा ठळकपणे उघड झाली ती बाल्टिक समुद्राकाठच्या एका शहराच्या नोंदीत. पोलिश भाषेत ते शहर ग्दान्स्क आहे आणि जर्मन भाषेत डान्झिग.

साहित्याच्या अभ्यासकाला हे शहर ग्युंटर ग्रासमुळे ठाऊक असते. १९२७ साली ग्रासचा जन्म येथे झाला आणि १९५९ सालच्या 'द टिन ड्रम'ची भूमीही हीच. शोपेनहावर १७८८ साली येथेच जन्मला. शहराचा राजकीय इतिहास गुंतागुंतीचा आहे. १३०८ साली ट्यूटॉनिक नाइट्स ह्या लष्करी धर्मसंघाने ते जिंकले. १४५४ साली शहराने त्यांच्याविरुद्ध उठाव करून पोलंडच्या राजाचे छत्र स्वीकारले, आणि १४६६च्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यानंतरची तीन शतके शहर पोलिश राजमुकुटाखाली होते, पण तेथील व्यापारी आणि नागरिक बहुसंख्येने जर्मन बोलत. १७९३ साली, पोलंडच्या दुसऱ्या फाळणीत, प्रशियाने ते घेतले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचे मुक्त शहर म्हणून त्याची स्थापना झाली. १ सप्टेंबर १९३९ रोजी त्याच्याच वेस्टरप्लाट्टे ह्या भागावर जर्मन युद्धनौकेने तोफा डागल्या आणि दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले. १९४५ नंतर शहर पोलंडकडे गेले, जर्मन रहिवासी घालवले गेले आणि त्यांच्या जागी पोलिश माणसे आली. त्यांतली अनेक जण स्वतःच पूर्वेकडील गमावलेल्या प्रदेशांतून उखडलेली होती.

म्हणूनच ह्या नावांना स्मृतींचा भार आहे. डान्झिग हा शब्द पोलिश माणसाला हिटलरच्या मागण्यांची आठवण करून देतो. सतराव्या शतकाविषयी लिहिताना ग्दान्स्क म्हटले, तर जर्मन माणसाला आपल्या पूर्वजांचे अस्तित्व पुसले गेल्यासारखे वाटते. बेळगाव आणि बेळगावी ह्या दोन रूपांमध्ये किती इतिहास दाटला आहे, हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे विस्ताराने सांगायला नको. लक्षणीय गोष्ट अशी, की हा झगडा पेटला तो इंग्रजी विकिपीडियावर. जर्मन विकिपीडियाच्या नोंदीचे शीर्षक डान्झिग आहे आणि पोलिश विकिपीडियाच्या नोंदीचे ग्दान्स्क. दोन्ही पक्षांना आपापले घर होते. भांडण झाले ते तिसऱ्याच्या ओसरीवर, कारण जगाने शहराला काय म्हणावे हे ठरणार होते ते इंग्रजीत.

एकाने डान्झिग लिहावे, दुसऱ्याने त्याचे ग्दान्स्क करावे, पहिल्याने ते पुन्हा फिरवावे, असे सुरू झाले. शहराच्या नोंदीपुरते ते थांबले नाही. तेथे जन्मलेल्या प्रत्येक माणसाच्या चरित्रात, शेजारच्या प्रत्येक गावाच्या नोंदीत हेच घडू लागले. अशा प्रकारांना संपादनयुद्ध हे नाव पडले. ती आवरायला त्या काळात दोन साधने घडत होती. पहिले साधन म्हणजे लवाद समिती. सुरुवातीच्या वर्षांत हाताबाहेर गेलेली प्रकरणे वेल्स स्वतः हाताळत. २००३च्या अखेरीस त्यांनी समितीची घोषणा केली आणि २००४च्या आरंभी तिचे काम सुरू झाले. तिच्यासोबत एक मध्यस्थी समितीही आली, जी २०१८ साली बरखास्त झाली. दुसरे साधन नोव्हेंबर २००४ मध्ये मंजूर झालेला नियम: एकाच पानावर चोवीस तासांत कोणीही तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे संपादन उलटवू नये.

परंतु ही दोन्ही साधने माणसांच्या वागणुकीसाठी होती. लवाद समिती सदस्याला समज देई, बंदी घाली. मजकुरात काय असावे हे सांगण्याचा अधिकार तिने स्वतःकडे घेतला नव्हता. तसा घेतला असता तर मुख्य संपादक मागच्या दाराने परत आला असता. तीन वेळांचा नियम भांडणाचा वेग कमी करी, इतकेच. शहराच्या नावाचा निवाडा करणारे पीठ अस्तित्वातच नव्हते.

अखेर फेब्रुवारी-मार्च २००५ मध्ये मतदान घेण्यात आले. हे पाऊल विकिपीडियाच्या स्वभावाशी जुळणारे नव्हते. आपला कोश म्हणजे लोकशाहीचा प्रयोग नव्हे आणि हात वर करून चर्चेची जागा भरून निघत नाही, अशी तेथील जुनी शिकवण. तरीही ज्या पद्धतीने मतदान झाले ती विचार करण्याजोगी आहे. 'खरे नाव कोणते?' असा प्रश्न विचारलाच गेला नाही. इतिहासाचे कालखंड पाडून प्रत्येक खंडासाठी वेगळे मत मागितले गेले. निकाल असा लागला: १३०८च्या पूर्वी ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ डान्झिग, १९४५ नंतर पुन्हा ग्दान्स्क. लेखात एक नाव प्रथम येईल तेव्हा दुसरेही द्यावे. चरित्रनायक स्पष्टपणे जर्मन असेल तर आधी डान्झिग व कंसात ग्दान्स्क, स्पष्टपणे पोलिश असेल तर उलट. हा ठराव अमलात आणण्यासाठी केलेल्या उलटवण्यांना तीन वेळांची मर्यादा लागू नसेल, अशी पुस्तीही जोडली गेली.

सत्य बहुमताने ठरते काय, हा आक्षेप येथे स्वाभाविक आहे. माझ्या मते तो ह्या मतदानाला पुरता लागत नाही. १४६६ साली शहर कोणाच्या राज्यात होते किंवा तेथे कोणती भाषा बोलली जाई, ह्यावर कोणी मत मागितले नव्हते. मागितले ते लेखनसंकेताविषयी, आणि संकेत हे सहमतीनेच ठरतात. ठरावाचे दुबळे ठिकाण दुसरीकडे आहे, 'स्पष्टपणे' ह्या एका क्रियाविशेषणात. खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस हेवेलिउस (१६११-१६८७) ह्याच शहरातला. जर्मनभाषक, बीअर गाळण्याचा घरचा व्यवसाय, नगराच्या कारभारात सहभाग. राजनिष्ठा मात्र पोलंडच्या राजाशी, इतकी की एका तारकासमूहाला त्याने राजा यान सोबिएस्की ह्याच्या ढालीचे नाव दिले. त्याला स्पष्टपणे काय म्हणावे? एकोणिसाव्या शतकाने घडवलेल्या राष्ट्रीयत्वाच्या चौकटी त्याच्या काळाला लावल्या की त्या तुटतात, आणि जेथे त्या तुटतात तेथेच हा ठरावही तुटतो. शहराचे कालखंड पाडता आले, तसे माणसाचे पाडता येत नाहीत.

तरीही हा तह टाकाऊ ठरत नाही. त्याने कोणाचे समाधान केले नाही. पण पुढची अनेक वर्षे दोन्ही बाजूंना बोट ठेवायला एक लिखित आधार दिला. त्याहून महत्त्वाचे असे, की त्याने पराभूत नावाला पानाबाहेर काढले नाही, कंसात का होईना, जागा दिली. पाठचिकित्सेशी परिचय असलेल्यांना ही रीत नवी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत संहिता वर असते आणि नाकारलेले पाठभेद त्याच पानावर खाली असतात. संपादकाने निवड केली, परंतु निवडीचा पुरावाही वाचकाच्या स्वाधीन केला. विकिपीडियाच्या प्रत्येक नोंदीमागे असलेले चर्चापान आणि संपादनांचा इतिहास हे काम करतात. फरक इतकाच की तेथील पाठभेद हयात माणसांचे आहेत आणि ती माणसे परत येऊन उत्तर देऊ शकतात.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर सार्वत्रिक चर्चेच्या पानाला 'चावडी' म्हणतात. शब्द नेमका आहे. गावाचे तंटे चावडीवर येत, चारचौघांत बोलले जात, आणि निकाल काहीही लागला तरी कोण काय म्हणाले हे गावाच्या लक्षात राही. आपण विद्यार्थ्यांना विकिपीडियाचा आधार घेऊ नका असे सांगतो, आणि अनेकदा ते योग्यही असते. पण त्याबरोबर चर्चापान उघडून वाचा, हेही सांगायला हवे. संहिता स्थिर होण्यापूर्वी किती हातांनी ओढली गेली होती, हे छापील कोश दाखवत नाहीत. ग्दान्स्कच्या मतदानाची पाने मात्र आजही जशीच्या तशी वाचता येतात, आणि नामकरणाच्या राजकारणावरच्या तासाला ह्याहून चांगली संहिता सहसा मिळायची नाही.